पाचवे कारण

कृतहान आणि अकृताभ्यागम या दोन दोषांना आपले दर्शनकार जितके बिचकून असत, तितके ते प्रत्यक्ष चार्वाकालाही बिचकत नसावेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता मध्येच लोप पावणे हा पहिला दोष, आणि जे कर्म आपण कधी केलेच नाही त्याचे फळ आपल्या पदरी येऊन पडणे हा दुसरा; ज्या सिद्धांतात यांपैकी एकाचाही शिरकाव होईल तो त्याज्य समजावा असा त्यांचा दंडक होता, आणि या दोघांना उंबरठ्याबाहेर ठेवता यावे एवढ्यासाठीच पूर्वजन्म, पुनर्जन्म, संचित व प्रारब्ध यांची ती भव्य इमारत त्यांनी उभारली. या जन्मी न मिळालेले पुढच्या जन्मी मिळेल, परंतु ज्याचे त्यालाच मिळेल, ही त्या इमारतीची कोनशिला. ही व्यवस्था खरी की कल्पित, हा वाद बाजूला ठेवला तरी एवढे मान्य करावे लागते की, कर्ता आणि भोक्ता एकच असतो या विश्वासावर आपल्याकडील सामान्य माणसाची सदाचारबुद्धी शतकानुशतके टिकून राहिली. जागतिकीकरणाचा विचार आपण बहुधा आयात-निर्यात, चलन, रोजगार या परिभाषेत करतो, आणि तो तसा करणे गैर नाही. परंतु बीडसारख्या जिल्ह्यात बसून तो करू लागले म्हणजे त्याच्या तळाशी हाच जुना, शास्त्रीय, आणि आता शास्त्र्यांनीही टाकून दिलेला प्रश्न हाताला लागतो.

२०२५ सालच्या कापसाची हकीकत पाहा. गेवराई, वडवणी, माजलगाव या भागांतल्या कोरडवाहू शेतकऱ्याने जून महिन्यात सरकी लावली, तेव्हा परदेशातून येणाऱ्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते आणि त्या आडोशाने देशी कापसाला काही भाव राहील असा त्याचा अदमास होता. पुढे युरोपच्या पूर्व टोकाला तीन वर्षे चाललेल्या युद्धाचा एक धागा असा लांबला की, रशियाचे तेल विकत घेतल्याबद्दल अमेरिकेने भारताच्या मालावर आधीच्या २५ टक्क्यांखेरीज आणखी २५ टक्के जकात बसवली. ती २७ ऑगस्टपासून अमलात येणार म्हणून कापड गिरण्यांचे आणि तयार कपड्यांचे मालक हवालदिल झाले. त्यांना कच्च्या मालाची ददात पडू नये म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील आयात शुल्क उठवले, आणि आधी सप्टेंबरअखेरपर्यंत दिलेली ती सवलत मागाहून डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या दिवसांत गेवराईच्या रानात कपाशी पात्या-फुलांवर होती. सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली ती वेगळीच. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला होता. खुल्या बाजारात व्यापारी त्याहून पुष्कळ खाली बोलत होते.

खरेदीच्या जागी घटकाभर उभे राहिले म्हणजे हा सगळा जागतिक व्यापार किती थोड्या हालचालींत उरकतो ते दिसते. व्यापारी गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस बाहेर काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ताणतो, तुटलेल्या टोकाकडे क्षणभर पाहतो, ‘ओल हाय’ म्हणतो, आणि मग मोबाईलकडे नजर टाकून भाव सांगतो. ओल आहे की नाही यावर शेतकरी हुज्जत घालू शकतो, आणि घालतोही. मोबाईलमध्ये जे दिसले त्यावर मात्र त्याला तोंड उघडता येत नाही, कारण तिथे ज्याने आकडा ठरवला तो दूर कुठल्या वायदेबाजारात बसलेला असून गेवराई नावाचे गाव पृथ्वीवर आहे याची त्याला वार्ता नाही. शेवटी माल उतरतो, काटा होतो, पावती मिळते, आणि रिकामी गाडी वळवताना तो इसम जे दोन शब्द बोलतो ते या जिल्ह्यात कुठेही ऐकू येतात: ‘नशीब आपलं.’

या दोन शब्दांवर थोडे थांबले पाहिजे, कारण ते बोलणाऱ्याला आपण धर्माला धरून बोलतो आहोत असे वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: ज्या आश्रयावर कर्म घडते ते अधिष्ठान, मग कर्ता, मग निरनिराळी साधने म्हणजे करण, मग नाना प्रकारच्या चेष्टा, आणि या चौघांच्या मागून पाचवे दैव. मोजणीचा क्रम हा महत्त्वाचा क्रम असतोच असे नाही, हे मला मान्य आहे; तरीही चार कारणे तपासून झाल्यावर जे उरते त्याला दैव म्हणावे, एवढा विवेक त्या मांडणीत उघड आहे. आमच्याकडे उलटी रीत पडली. पाचवे कारण आधी उच्चारायचे आणि पहिली चार विचारायचीच नाहीत. आणि जागतिकीकरणाने या उलट्या रीतीला जेवढे बळ दिले तेवढे कोणत्याही पुराणिकाने दिले नसेल. कारण कर्ता जितका दूर जातो तितका तो दैवासारखा दिसू लागतो.

जग बीडला येऊन पोहोचले ते आगगाडीच्या आधी. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, त्याच वर्षाच्या १ जानेवारीस जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली होती. त्या संघटनेचे नियम इथल्या कापसाला, साखरेला आणि सोयाबीनला लागू झाले, आणि बीड शहरात मात्र पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, आली. निजामी अमदानीत हा मुलूख मागे राहिला, १९४८ नंतर मागे ठेवला गेला, अशी तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. परंतु मागे राहणे म्हणजे अलिप्त राहणे नव्हे. रस्ते, रूळ, धरणाचे पाणी यांच्या बाबतीत हा जिल्हा मुंबई-पुण्याच्या मागे राहिला. भावाच्या चढउताराच्या बाबतीत तो त्यांच्या अगदी बरोबरीने, एकाच क्षणी, जगाशी जोडला गेला.

ही झाली कापसाची गोष्ट, पण बीडचा खरा व्यवहार उसाचा आहे, आणि तोही आपल्या शिवारातल्या उसाचा नव्हे. दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून काही लाख माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, शेळी, चार कोंबड्या आणि त्यांच्या मधोमध फडक्यात गुंडाळलेले तान्हे मूल. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे माणूस म्हणून मोजत नाहीत, कोयता म्हणून मोजतात, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना भाव कोयत्याचा ठरतो. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, आषाढात किंवा श्रावणात, मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी किंवा पेरणीसाठी ती उचल घेतलेली असते. मग ती फिटेपर्यंत तोडायचे. मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, पहाटे तीनला उठायचे, वाढे विकून मीठमिरची भागवायची. एक दिवस अंग टाकले तर खाडा: त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक दंड अंगावर चढतो.

हा हिशेब टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ज्या डायरीत असतो ती डायरी कोणाही वेदांत्याने एकदा चाळून पाहावी. तिच्या पहिल्या रकान्यात मागील सालची बाकी, म्हणजे संचित. दुसऱ्यात या सालची उचल, जी फेडण्यासाठी देह चालू हंगामात झिजतो आहे, म्हणजे प्रारब्ध. आणि तिसऱ्यात रोज पडणारी टनांची व खाड्यांची भर, म्हणजे क्रियमाण. होळी-पाडव्याच्या सुमारास पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, हिशेब होतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत बाकी उरून ती पुढच्या हंगामात जाते. पुनर्जन्माचा सिद्धांत कोणाला पटो वा न पटो, या डायरीतला पुनर्जन्म दर कार्तिकात होत असतो. फरक एकच, आणि तोच निर्णायक आहे. चित्रगुप्ताच्या वहीत जो लिहितो त्याचा त्या हिशेबात काही लाभ नाही. मुकादमाच्या वहीत लिहिणाऱ्याचे कमिशन असते.

मुकादम हाच दुष्ट, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह इथे पडतो. पुष्कळ मुकादम हे कालचे कोयतेच आहेत, आणि टोळी पळून गेली तर कारखान्याच्या पैशासाठी मुकादमाचेही घर विकले जाते. त्याच्या पाठीमागे वाहतूकदार, वाहतूकदाराच्या पाठीमागे कारखाना, कारखान्याच्या पाठीमागे बँक आणि साखरेचा बाजार, आणि त्या बाजाराच्या पाठीमागे ब्राझीलमधला पाऊस, तिथल्या उसाचे इथेनॉल करायचे की साखर करायची याचा निर्णय, आणि लंडन-न्यूयॉर्कचे भाव. २०२१-२२ च्या हंगामात आपल्या देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली; इतकी पूर्वी कधी गेली नव्हती. त्या साखरेतल्या किती पोत्यांवर बालाघाटच्या हातांचा घाम पडला याची नोंद कोणत्याही बंदरात होत नाही. जकार्त्यात चहा पिणाऱ्याला त्या हातांचा पत्ता नाही, आणि या हातांना जकार्त्याचा नाही. मध्ये आहे ती केवळ किंमत.

मीमांसकांपुढे एक मोठी अडचण होती. यज्ञ आज होतो आणि स्वर्ग मरणानंतर मिळतो. कर्म तर त्याच क्षणी संपले, मग मधल्या काळात फळाला धरून कोण ठेवते? त्यांनी उत्तर दिले, अपूर्व. कर्मातून एक अदृष्ट शक्ती उत्पन्न होते आणि ती फळापर्यंत टिकून राहते. ही कल्पना अनेकांना पोकळ वाटली आहे, पण मला ती किंमत नावाच्या वस्तूच्या जवळ गेल्यावाचून नीट कळली नव्हती. ब्राझीलमध्ये कोणी काही करतो, ते कृत्य तिथेच संपते. आणि हजारो मैलांवर, काही महिन्यांनी, त्याचे फळ एका झोपडीत उगवते. मधल्या अंतरात ज्या अदृष्टाने प्रवास केला ते अपूर्वच, फक्त त्याने पत्ता बदलला. मीमांसासूत्रकार जैमिनीचे अपूर्व यजमानाला शोधत जाते, बाजाराचे अपूर्व भलत्याच्याच दारात जाऊन थांबते. म्हणजे ज्या दोन दोषांना बाहेर ठेवण्यासाठी एवढी इमारत बांधली, ते दोन्ही या नव्या व्यवस्थेत राजरोस सरकारी शिक्क्यानिशी आत येऊन बसले आहेत.

परंतु त्याच मीमांसेत आणखी एक विचार आहे, आणि तो आजवर या प्रकरणी कोणी पुढे आणलेला माझ्या वाचनात नाही. यज्ञातली बहुतेक कामे यजमान स्वतः करीत नाही. आहुती अध्वर्यू टाकतो, ऋचा होता म्हणतो, साम उद्गाता गातो. मग फळ त्यांचे का नाही, असा प्रश्न जैमिनीच्या सूत्रांत उपस्थित झाला आहे. त्याचे उत्तर एखाद्या दिवाणी न्यायाधीशाने द्यावे तसे रोखठोक आहे: यजमानाने दक्षिणा देऊन त्या ऋत्विजांना विकत घेतले आहे, ज्याला परिक्रय म्हणतात, म्हणून हात त्यांचे असले तरी कर्तृत्व यजमानाचे, आणि फळही त्याचेच. आता हा न्याय फडावर आणून पाहावा. उचल हा परिक्रय आहे. साखरेचे पोते ज्याच्या मालकीचे होते, त्याने ज्या हातांना विकत घेतले त्यांच्या कामाचे गोड फळ तो जर ‘मी यजमान’ म्हणून घेतो, तर त्याच कामातून निपजलेले कडू फळ मुकादमाच्या वहीत कसे जमा होते? फळाच्या वेळी यजमान आणि पापाच्या वेळी तटस्थ, ही सवलत जैमिनीने कोणालाही दिलेली नाही.

कडू फळ कोणते, हेही नीट सांगितले पाहिजे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा बोभाटा झाला, आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. गावात या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. विचारले तर बाई शांतपणे सांगते की, अंगावरून जात होते, डॉक्टर म्हणाले पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाकली. मग हळूच दुसरेही सांगते: फडावर ना आडोसा, ना पाणी, चार दिवस बसून राहिले तर खाडा, लेकरे झालीच आहेत, आता तिचा काय उपयोग. शेवटी कंबर धरून उठते आणि म्हणते, ‘बाईच्या जन्माचे भोग.’

या एका कृत्याचा कर्ता कोण? डॉक्टर म्हणेल, रोग्याने संमती दिली आणि कागदावर अंगठा आहे. नवरा म्हणेल, उचल दोघांच्या नावावर होती. मुकादम म्हणेल, खाड्याचा रिवाज माझ्या आधीपासूनचा. कारखाना म्हणेल, ही आमची कामगारच नव्हे, आमचा करार वाहतूकदाराशी. शासन म्हणेल, समिती नेमली, अहवाल आला. साखर खाणारा तर काही म्हणणारच नाही, कारण त्याला कोणी विचारणार नाही. पाच-सहा साक्षी झाल्या आणि आरोपी एकही नाही. अशा खटल्याचा निकाल मग ती बाईच लावते, आणि स्वतःच्या पूर्वजन्माला दोषी ठरवून मोकळी होते. कर्मसिद्धांताचा याहून मोठा अधिक्षेप मला ठाऊक नाही. जो सिद्धांत माणसाला कर्ता म्हणून उभा करण्यासाठी जन्मला, तो इथे खऱ्या कर्त्यांना लपवण्याचा पडदा झाला आहे.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा की, पूर्वीचे स्वयंपूर्ण खेडे काय मोठे धर्माचे माहेरघर होते? नव्हते, आणि तसे चित्र रंगवणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. तिथे कर्ता डोळ्यांसमोर होता, पाटील-देशमुख नावानिशी माहीत होता, आणि तरीही बलुत्याच्या नावाखाली जे चालले ते अन्यायच होते. तोंडओळख असली म्हणून दया उपजते असे नाही. गावच्या सावकाराच्या मुठीतून सुटण्यासाठीच कित्येकांनी १९७२ च्या दुष्काळात कारखान्याची वाट धरली, आणि त्या वाटेने काहींच्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब आला, मुले पुण्यात शिकली, एखादा मुलगा संगणकाच्या कंपनीत लागून आज परदेशी पगार घेतो. बालाघाटच्या खडकाळ उतारावर आपोआप वाढणाऱ्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही दूरच्या बाजाराचेच देणे. दूर असणे हे स्वतः पाप नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो वेदांताच्या बाजूने येतो. सारे विश्व एकच आहे, मग हा कर्ता आणि तो भोक्ता असा भेद तुम्ही कशाला करता? ज्या भूमीत हे लिहितो आहे तिथे हा आक्षेप हलका मानता येत नाही. शके १११० मध्ये विवेकसिंधु लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईच्या दरीत आहे (वैनगंगेकाठचे आंभोरेही त्यांच्यावर हक्क सांगते, पण तो वाद इथे नको), आणि अद्वैत मराठीत बोलू लागले ते त्यांच्या मुखाने. परंतु मुकुंदराजांचे ऐक्य आणि वायदेबाजाराचे ऐक्य यांत अंतर आहे. पहिल्या ऐक्यात दुसऱ्याची वेदना मला माझी वाटते. दुसऱ्यात दुसऱ्याची मंदी माझ्यापर्यंत पोहोचते, वेदना पोहोचत नाही. २०२३ साली दिल्लीत जी-२० परिषद भरली तेव्हा अवघी पृथ्वी हेच कुटुंब, या अर्थाचे सुभाषित भिंतोभिंती लागले होते. ते महोपनिषदात आहे हे सर्वांनी सांगितले. हितोपदेशात तेच सुभाषित हरणाचा घास घेऊ पाहणाऱ्या कोल्ह्याच्या तोंडी घातले आहे, हे मात्र कोणी सांगितले नाही. वचन तेच, बोलणारा पाहून ऐकावे एवढेच हितोपदेशकार नारायण पंडिताचे म्हणणे असावे.

तर मग दूरच्या कर्त्याला नेमके किती जबाबदार धरायचे? सर्वच जबाबदार म्हटले की कोणीच जबाबदार राहत नाही; एकालाच धरले तर तो बहुधा सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुबळा निघतो. या पेचात मला आधार सापडला तो अंबाजोगाईतच, दासोपंतांच्या पासोडीत. १५५१ ते १६१५ या काळातल्या या विलक्षण लेखकाने, गीतेवर गीतार्णव नावाचा समुद्राएवढा ग्रंथ लिहूनही हात न थांबल्यासारखे, एका लांबलचक सुती कापडावर पंचीकरण लिहून काढले. (ज्या मुलखाने तत्त्वज्ञान कापसावर लिहिले, त्या मुलखाच्या कापसाला तत्त्वज्ञान विचारायला हरकत नसावी.) पंचीकरणाचा हिशेब असा: प्रत्येक स्थूल महाभूतात अर्धा वाटा त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. पृथ्वीत जल, तेज, वायू, आकाश मिसळलेले आहेत, तरी ती पृथ्वीच. आणि ती पृथ्वी आहे म्हणून तिच्यातले जल नाहीसे होत नाही.

जबाबदारीचा विचार मला याच रीतीने करावासा वाटतो. प्रत्येक कृत्यात एकाचा वाटा मोठा असतो, आणि इतरांचे लहान वाटे असतात. लहान आहेत म्हणून ते शून्य नसतात, आणि मिसळले आहेत म्हणून मोठा वाटा नाहीसा होत नाही. बोंडअळीचे उदाहरण घ्या. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातली बोंडे आतून पोखरली, कारण ज्या विषाने ती मरायची त्याला ती सरावली होती. त्यात परदेशी कंपनीचा वाटा आहे, परवान्याच्या पुढे डोळे मिटणाऱ्या सरकारचा आहे, विक्रीच्या घाईचा आहे. पण बियाण्याच्या पाकिटासोबत बिगरबीटी सरकीची जी लहान पुडी कडेने लावण्यासाठी येत असे, ती बहुतेकांनी लावली नाही, हा आपला अष्टमांश आहे. तो कबूल केल्याने कंपनीचा अर्धा कमी होत नाही. उलट जो आपला वाटा मान्य करतो त्यालाच दुसऱ्याचा वाटा मागण्याचा अधिकार पोहोचतो.

मोठ्या राष्ट्रांनी हे वाट्याचे गणित कसे मोडले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना देत असलेल्या अनुदानाने जगाचे भाव पाडते, अशी फिर्याद ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे दाखल केली आणि जिंकली. २०१० मध्ये अमेरिकेने अनुदान सुरूच ठेवून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांना दरसाल १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले. हे प्रायश्चित्त खरे, पण ज्याने फिर्याद केली त्याच्यापुरते. माली, बेनिन आणि गेवराई यांनी फिर्याद केली नव्हती. पुढे त्याच ब्राझीलने ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांच्या जोडीने भारताच्या साखरेच्या अनुदानांविरुद्ध दावा लावला, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला, आणि आपण अपील केले. ते अपील ऐकणारे पीठ न्यायाधीशांच्या नेमणुका अडल्यामुळे डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेले आहे. जगाने कर्मफळाचे न्यायालय उभारले, आणि त्याच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. त्या सगळ्या दाव्यात कारखाना आहे, ऊस उत्पादक आहे, सरकार आहे. कोयता हा पक्षकार कुठेही नाही.

म्हणून मी त्या संघटनेच्या जिनिव्हाकडे डोळे लावून बसणाऱ्यांपैकी नाही. परिक्रयाचा न्याय घराजवळच लावून पाहता येईल, आणि तो लावण्याइतका पुरावाही आपल्या हाती आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्क्यांची आणि मुकादमाच्या कमिशनात एका टक्क्याची वाढ ठरली, तेव्हा मजूर संघटनांच्या समोर टेबलाच्या पलीकडे बसलेला पक्ष सहकारी साखर कारखान्यांचा संघ होता. वाहतूकदार नव्हता, मुकादम नव्हता. दर ठरवायला जो बसतो तो यजमान. हे त्याने स्वतःच्या सहीने कबूल केले आहे. मग मोळी घेऊन फळीवरून घसरलेल्या बाईच्या दवाखान्याचा कागद त्याच संघाच्या कचेरीत दाखल करून घ्यायला काय अडते, आणि खाड्याचा रकाना त्याच सहीने का खोडता येऊ नये, एवढेच त्याला विचारायचे आहे.